विहिरीच्या लेखावरून माझे नाव काढण्याबाबत

मी, कुंदा बाळ चौबळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, उल्हासनगरच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेली रसायनशास्त्राची प्राध्यापिका, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉ. चेतन यांनी दिला आहे आणि देण्यापूर्वी त्यांनी मला खरोखर तपासले, हे मुद्दाम नमूद करते, कारण हल्ली न तपासता सही करण्याची पद्धत पडली आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी जुनी विद्यार्थिनी हर्षदा हिने करावी. ती अंबरनाथला वकिली करते. रसायनशास्त्रात तिला जेमतेम पास होण्यापुरते गुण पडत. पण प्रयोगाचे उत्तर चुकले तर ती चुकलेलेच वहीत लिहायची, शेजारणीचे उतरवून घ्यायची नाही. म्हणून तिची निवड.

कलम २. माझी ब्युरेट, पिपेट, काचेची इतर भांडी आणि जुना तराजू जांभूळ गावच्या शाळेला द्यावा. तराजू डावीकडे किंचित झुकतो. तसे मी त्याच्या पेटीवर लिहून ठेवले आहे. ती चिठ्ठी कोणी काढू नये.

कलम ३. फ्लॅटबद्दल लिहिण्याआधी समीरबद्दल लिहिणे भाग आहे. समीर हा माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा. शाळेत असल्यापासून तो माझ्याकडे वाढला. आता तो प्राध्यापक आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने चामटोलीपलीकडच्या एका वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावर शोधनिबंध छापला, कारण बढतीसाठी छापील लेख लागतात. लेखावर तीन नावे होती: माझे, त्याच्या विभागप्रमुखांचे आणि त्याचे. विभागप्रमुखांनी विहीर पाहिली नव्हती. मी तर लेखही पाहिला नव्हता. छापून आल्यावर समीर पेढे घेऊन आला, तेव्हा मला कळले. न विचारता नाव का घातलेस, असे मी विचारले.

"मावशी, तुझा मान म्हणून घातलं गं," तो म्हणाला. "पहिलं नाव तुझंच आहे."

आमच्या घरात लग्नपत्रिका अशाच छापतात. कोणाचे नाव राहिले तर ते माणूस वर्षभर बोलत नाही, म्हणून जो हयात आहे, जो परदेशात आहे, ज्याला लग्न कोणाचे हेही ठाऊक नाही, अशा सगळ्यांना निमंत्रक करून टाकायचे. समीरच्या लग्नात मीच ती यादी केली होती. पत्रिकेत हे खपते, कारण पत्रिका वाचून कोणी पाणी पीत नाही.

रात्रीचे जेवण बाजूला ठेवून मी तो लेख वाचला. त्यात त्या विहिरीतल्या मे महिन्याच्या पाण्याचे आकडे होते. मे महिन्यात ती विहीर आटलेली असते. माझा विश्वास बसेना म्हणून पुढच्या मे महिन्यात स्वतः जाऊन पाहिली. तळाला चिखल होता आणि एक चप्पल पडली होती. बाकीच्या महिन्यांचे आकडेही एकाच नमुन्यावरून थोडे वरखाली करून भरलेले दिसत होते. निष्कर्ष असा की, पाणी पिण्यास योग्य.

समीरला बोलावले. नमुने कॉलेजच्या मुलांनी आणले, आकडे मी जुळवले, सगळीकडे असेच चालते, असे तो म्हणाला. वर म्हणाला, "असले पेपर वाचतंय कोण, मावशी?"

कलम ४. ज्या शोधपत्रिकेत हा लेख आला तिच्या नावात आंतरराष्ट्रीय हा शब्द आहे. कार्यालय उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवण्याच्या कारखान्याच्या वर. खालची मशीन सुरू झाली की संपादकांचा चहा कपात थरथरतो. संपादक हरिचंद्र नावाचे गृहस्थ आहेत, स्वभावाने अत्यंत गोड. लेख तज्ज्ञांनी तपासला होता का, असे मी विचारले.

"दोन रिव्ह्यूअर आहेत ना, मॅडम. एक मी. दुसरे सर गावाला गेलेत."

लेख मागे घ्या म्हटले, तर तिन्ही लेखकांच्या सह्या हव्यात आणि छापण्याच्या दुप्पट फी हवी. निदान माझे नाव तरी काढा म्हटले, तर "नाव निघत नाही हो, सिस्टीममध्ये गेलंय." विभागप्रमुखांनी माझा फोन घेणे बंद केले. समीर सही करेना. बढती गेली तर घराचे हप्ते कुठून भरू, म्हणाला. जाता जाता संपादकांनी मला संपादक मंडळावर येण्याची विनंती केली. मी स्पष्ट नाही म्हटले. पुढच्या अंकात मंडळाच्या यादीत माझे नाव छापलेले होते, फोटोसकट. अजून आहे. माझ्या मृत्यूचा दाखला हर्षदाने त्यांना पाठवावा. त्यानेही नाव निघेल असे मला वाटत नाही.

कलम ५. समीरचा पेपर वाचणारे निघाले. वाडीने पाणीपुरवठा कार्यालयात नळाच्या पाण्यासाठी अर्ज केला होता, कारण विहिरीजवळून कारखान्याचे सांडपाणी वाहते आणि मुलांची पोटे बिघडतात. कार्यालयाचे उत्तर आले की, उपलब्ध संशोधनानुसार विहिरीचे पाणी पिण्यास योग्य असल्याने मागणी तातडीची नाही. सोबत लेखाचे पहिले पान जोडले होते. ते पान घेऊन वाडीवरची नवसी माझ्या दारात आली. विहीर पाहायला गेले होते तेव्हापासून आमची ओळख. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाय, यो नाव तुमचाच हाय ना? मंग तुमी आमचा पानी कवा तपासला?"

त्या दिवशी मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी पाणी तपासून घेतले. ते वाईट निघाले. अहवाल घेऊन कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, हा एक कागद आहे, तो तीन प्राध्यापकांचा छापील निबंध आहे, आणि त्यात मॅडम तुम्हीच आहात. म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच. निबंध चुकीचा आहे असे मी तिथेच लिहून दिले, तर हाताने लिहिलेले चालत नाही, छापील काही असेल तर आणा, म्हणाले. वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली. एकाने छापले नाही, दुसऱ्याने कोर्टकचेरी होईल म्हणून हात जोडले.

कलम ६. बेलवलीचा फ्लॅट समीरला द्यावा. लेख मागे घेण्याच्या पत्रावर सही केली तरच फ्लॅट, अशी अट घालावी, असे हर्षदाने सुचवले होते. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हटले. फ्लॅट देऊन घेतलेली सही आणि फी भरून छापलेला लेख यांत मला फरक दिसत नाही. त्याने सही करावी अशी माझी फार इच्छा आहे. पण ती त्याची असली पाहिजे. फ्लॅट त्याचाच आहे, तो तिथेच मोठा झाला.

बँकेतली शिल्लक वाडीच्या पाण्याची दर हंगामाला तपासणी करण्यासाठी आणि पुढील कलमासाठी वापरावी.

कलम ७. निधनाच्या जाहिरातीतला मजकूर कोणी तपासत नाही. पैसे भरले की जसाच्या तसा छापतात. या प्रथेवर मी जन्मभर चिडले, आता एकदा तिचा उपयोग करून घेते. माझ्या निधनानंतर स्थानिक वर्तमानपत्रात माझ्या फोटोसह पुढील मजकूर द्यावा:

"कुंदा बाळ चौबळ यांचे निधन झाले. चामटोलीपलीकडील वाडीच्या विहिरीवरील शोधनिबंधात त्यांचे नाव त्यांना न विचारता घातले होते. त्यातील आकडे खोटे आहेत. ते पाणी पिऊ नये."

छापून आल्यावर कात्रण नवसीकडे द्यावे. साहेबांना छापील हवे होते, ते तिने नेऊन द्यावे.

जाहिरातीखाली शोकाकुल म्हणून नातेवाइकांची रांग लावू नये. फक्त समीरला विचारावे. आधी त्याला मजकूर पूर्ण वाचायला द्यावा. हो म्हणाला तर त्याचे नाव घालावे. नाही म्हणाला तर मजकूर तसाच जाऊ द्यावा आणि त्याला कोणी बोल लावू नये. त्याचे नाव माझ्या नावाखाली असावे असे मला वाटते. मानासाठी नाही.

कलम ८. माझ्या स्मरणार्थ विशेषांक काढू नये.

ठिकाण: बदलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) कुंदा बाळ चौबळ

साक्षीदारांनी माझ्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आणि मगच सह्या केल्या.

साक्षीदार १: सौ. सुषमा, शेजारीण. कलम ४ मधील संपादकांविषयीचा एक शब्द गाळण्यास सुचवले. मान्य. (सही)

साक्षीदार २: डॉ. चेतन. समीरने जाहिरात छापून आल्यावर होकार दिला तर काय करायचे, अशी शंका काढली. शंका रास्त आहे. जाहिरात पुन्हा छापावी. (सही)