कुठं उभी आहे, हे न सांगणारं मशीन

बाई, परवा आमच्या आळीतली एक मासे विकणारी बाई माझ्याकडे मोबाइल घेऊन आली. नातीचे फोटो तिच्या हातून पुसले गेले होते आणि ती अगदी रडकुंडीला आली होती. "माझ्याच बोटांना अक्कल नाय गो," ती म्हणाली. "बोटांना आहे. त्या बटणाला नाही," मी म्हटलं. बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे बोलणं माझं नाही, तुमचं आहे. हल्ली पुसलेलं काही दिवस एका कप्प्यात पडून असतं, त्यामुळे फोटो मिळाले. जाताना ती चार बांगडे ठेवून गेली. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुमचा टायपिंगचा क्लास मच्छी मार्केटच्या वरच्या अंगाला होता. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही तो काढला होता. पुढच्या खोलीत टाइपरायटरची रांग, आणि आतल्या खोलीत नवाच घेतलेला एक कॉम्प्युटर. त्या खोलीत चपला काढून जायचं. मी पहिल्या दिवशी आत गेले ती विहारात जावं तशी, मान खाली घालून. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "चपला धुळीसाठी काढायच्या, भक्तीसाठी नाही. मान वर कर." माझे हे मुंबईत गिरणीत कामाला होते. ते जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पदरात लहान मुलगी. शिक्षण सातवीपर्यंत, बाकी वाचन जे हाती येईल ते. दिरांचं म्हणणं असं की मी मुलीला घेऊन मुंबईला त्यांच्या खोलीवर राहावं, त्यांच्या घरचं बघावं. माणूस वाईट नव्हता, आजही नाही. पण तिथं गेले असते तर आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहिले असते, हे मला कळत होतं. मी इथं रत्नागिरीत काही शिकते म्हटलं तर ते म्हणाले, "शिका. बघू."

त्या मशीनबद्दल आज लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. काळा पडदा, कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. काय करायचं, कुठून सुरुवात करायची, काही सांगायचं नाही. हुकूम पाठ असला पाहिजे, आणि एक ठिपका चुकला की मशीन इंग्रजीत खडसावणार. फाइलीला नाव द्यायचं तर आठ अक्षरांत. तुम्ही म्हणायचात, "आपल्याकडच्या आडनावांचा विचार कुणी केलाच नाही." पण सगळ्यांत वाईट खोड अशी की आत वेगवेगळे कप्पे असायचे आणि आपण कुठल्या कप्प्यात आहोत हे ते सांगायचंच नाही. सगळीकडे तेच एक अक्षर आणि तीच रेघ. तुमची शिकवायची रीत मात्र वेगळी होती. मशीन काही खेकसलं की आम्ही बायकांनी मोठ्यानं सांगायचं की त्यानं काय म्हणायला हवं होतं. "हुकूम वाईट आहे" असं ते म्हणालं की आम्ही म्हणायचं, "मला हा शब्द कळला नाही, परत सांगाल का?" बाहेरच्या खोलीतल्या मुली हसायच्या. तुम्ही हसत नव्हतात.

गावातल्या विहाराची नवी इमारत झाली आणि गावकऱ्यांच्या मुंबईच्या मंडळानं स्मरणिका काढायची ठरवली. दीर मंडळात होते. तुम्ही त्यांच्याकडून ते काम मागून घेतलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "हे नीट झालं तर क्लासात तुला कायमची ठेवते," म्हणालात. दिरांनी मान हलवली, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, नाय जमलं तर मग हट्ट नको."

मी ते जवळजवळ पुरं केलं होतं. एका दुपारी सरावाच्या जुन्या फाइली पुसायला बसले. सगळं पूस, असा हुकूम दिला. मशीननं विचारलं, नक्की का? एवढंच. काय पुसतोय, कुठलं पुसतोय, काही नाही. आणि मी हो म्हटलं. बाई, तो हो माझ्या बोटातच होता. सासरी कुणी मोठ्यानं "नक्की ना?" विचारलं की पुढचं ऐकायच्या आधी हो म्हणायचं, हेच मी शिकले होते. तो विचारण्याचा प्रकार नसायचाच, तो हुकूम असायचा. मी सरावाच्या कप्प्यात नव्हते, स्मरणिकेच्या कप्प्यात होते. फ्लॉपीवर उतरवून ठेवायची सवय आपल्याला अजून लागली नव्हती.

मी मशीनपुढे हात जोडून बसले होते. तुम्ही आत आलात. इतक्या रागात मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "माफी कुणाची मागतेस? त्या डब्याची?" मग खुर्ची ओढून बसलात. "त्यानं काय विचारायला हवं होतं, सांग." मी पुन्हा पडद्याकडेच बघू लागले. "सांग म्हणते ना." मी कसंबसं म्हटलं, "तुम्ही स्मरणिकेच्या कप्प्यात आहात. इथलं सगळं जाईल. गेलं की परत मिळणार नाही. पुसायचं का?" तुम्ही म्हणालात, "असं विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" मी म्हटलं, "नाही." "मग झालं तर."

दीर मुंबईहून आले ते छापायचा मजकूर न्यायलाच. तुम्ही त्यांच्यापासून काही लपवून ठेवलं नाहीत, दारातच सांगितलंत. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? हे आपल्या बायकांचं काम नाय. चला वैनी, पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घालू."

तुम्ही म्हणालात, "मला सांगा, स्टँडवर गाडी उभी आहे, पाटी नाही. दाभोळला जाणार की गणपतीपुळ्याला, कळत नाही. कंडक्टर नुसताच विचारतो, बसायचं नक्की ना? ही बसली. चूक कुणाची?"

"बाई, गाडी चुकली तर उतरायला नको का?"

"उतरेल की. तिच्या पायांनी उतरू दे. तुम्ही उचलून कशाला नेताय?"

दीर जरा हसले, पण हटले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, येताय ना? नक्की ना?"

आजही तो क्षण डोळ्यांपुढे उभा राहतो. तोंडात हो आलेला असतो. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, खिडकीबाहेर बघताय, मुद्दाम. आणि मी विचारते, "कशासाठी यायचं, भाऊजी? किती दिवस? आणि तिथं नाही जमलं तर मला परत कोण आणून सोडणार?" मला वाटतं, तोवर त्यांनीही स्वतःला हे विचारलं नव्हतं. मग मी म्हटलं, "नाही येत. मजकूर पुन्हा टाइप करते. कागद आहेत सगळे."

आणि बाई, त्याच माणसानं पँट वर ओढून शेजारच्या स्टुलावर बसून मला कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. "स्वल्पविराम" म्हणायचा तिथं "आता थांबा" म्हणायचे. मध्ये यांच्यावरचा श्रद्धांजलीचा मजकूर आला. एकदा टाइप केला होता, आता दुसऱ्यांदा करायचा होता. भावाचं नाव आलं आणि दिरांचा आवाज थांबला. तुम्ही तो कागद त्यांच्या हातून घेतलात आणि शाळेत धडा वाचावा तशा संथपणे शेवटपर्यंत वाचलात. माझी बोटं थांबली नाहीत. स्मरणिका वेळेवर निघाली.

त्यानंतर मी तुमच्याकडे होते, तुम्ही गेल्यावर मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत एका आंब्याच्या कारखान्याच्या ऑफिसात लागले, आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलगी शिकली, तिचं तिचं घर झालं. दीर मे महिन्यात येतात तेव्हा माझ्याकडे उतरतात आणि लोकांना सांगतात, "आमच्या वैनी कॉम्प्युटरवाल्या." दरम्यान मशीनं बदलत गेली. रंग आले, चित्रं आली. एक काळ तर असा होता की बंद करायचं तर सुरू करायच्या बटणावर जावं लागायचं. ते पाहून तुम्ही काय म्हणाला असतात, हे मनात ऐकून मी एकटीच हसले होते. आता वाचनालयातल्या पुस्तकांतून वाचते की वस्तू वापरताना माणूस चुकला तर आधी वस्तू तपासावी. शिकलेली माणसं हे पानंच्या पानं समजावतात. मी वाचते आणि मला अभिमान वाटतो, कारण मला हे एका निवृत्त शिक्षिकेनं मच्छी मार्केटच्या वर, पंख्याखाली, रागानं शिकवलं होतं. आज फोनवर काही पुसायला गेले की तो विचारतो, हे हे जाईल, परत मिळणार नाही, पुसायचं का? तुम्ही हे पाहायला हवं होतंत.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. लोकांना वाटतं मला कॉम्प्युटरची आवड होती, तुम्हालाही तसंच वाटायचं, आणि मी कधी नाही म्हटलं नाही. मला तो कधीच आवडला नाही, बाई. मी रोज यायचे ती तुमच्याजवळ बसायला मिळायचं म्हणून.