कारवानचं नाव आत्यानंच ठेवायचं

तनुताई,

मी वैजापूरला चाललोय, चारपर्यंत येतो. तुझं ताट ओट्यावर झाकलंय.

सकाळी आपलं कारवान जातीचं शिकारी कुत्रं पहिल्यांदाच मैदानात मोकळं सोडलं. लई पळालं गं! पाय जमिनीला लागतायत का नाय, तेच कळंना. मी नुसता बघत राहिलो, हाक मारायचंबी सुचलं नाय. मी ठरवलेलं ‘ब्रूनो’ त्याच्यापुढं अगदीच फिकं वाटलं.

आमच्या राजनंदिनीचं नाव बारशाला तूच तिच्या कानात सांगितलंस. ह्याचीबी आत्या तूच. पण त्याला पळताना बघितल्याशिवाय नाव सुचायचं नाय, आणि सासरहून आल्यापासून तू खोलीबाहेर पडली नाहीस.

त्याचा पट्टा तुझ्या खोलीच्या कडीला अडकवलाय. ते मैदानातनं आल्यापासून तुझ्या दाराशीच बसलंय, बिननावाचं.

विश्वजीत