लाइन थांबल्यावर

रहाटणी, मंगळवार

आप्पा,

परवा ऑफिसात कोडची एकच ओळ मी पाऊण तास वाचत बसले. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. भीती नाही, नवल वाटलं. टीम लीडला म्हटलं, "ज्ञानेश, मला वाचताच येत नाहीये."

त्याने मान वर न करता विचारलं, "संध्याकाळपर्यंत होईल ना?"

त्यालाही तीन महिन्यांत एक रविवार मिळालेला नाही. मी महिन्याची रजा टाकली आणि घरी आले.

तेव्हापासून तुमची चाकणची कंपनी आठवते आहे. गाडीत खोट दिसली की कामगाराने दोरी ओढायची, मग गाड्या जोडायची अख्खी लाइन थांबायची. तुम्ही कितीदा ओढलीत? ओढल्यावर कुणी रागवायचं का?

फोन केला तर तुम्ही विचाराल, "बरी हायेस न्हवं?" आणि मी हो म्हणेन. हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. माझ्या बढतीचे पेढे तुम्ही नुकतेच गावभर वाटलेत.

पण सांगा, लाइन पुन्हा सुरू होईपर्यंत तुम्ही सगळे काय करायचात? मी काल खालच्या इस्त्रीवाल्याला घड्या घालताना बघत अर्धा तास उभी होते. छान गेला.

तुमची,
साक्षी