तलावाचा शेवटचा रंग

१२ फेब्रुवारी १९७४
दुसरा रंग बाराही कागदांवर उतरला. आधी आकाशाचा पिवळा, त्यावर काठाचा विटकरी. दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेत. ह्यांचे सदरे आज खुर्चीवर. आता लिनोच्या त्याच ठशावर शेवटचं कोरायचं आणि तलावाच्या पाण्याचा रंग द्यायचा. एकाच लिनोतून सगळे रंग काढायचे म्हणजे मागे फिरणं नाही. काठ कोरून टाकला, तो गेला. तेरावा छाप आता निघायचा नाही.

१५ फेब्रु.
रद्दी कागदावर पाण्याच्या रंगाची चाचणी. यमुना फरशी पुसता पुसता थबकली. तिचं घर सक्करदऱ्याला, मी छापतेय त्याच तलावाला लागून.
“बाई, पानी असं जांभळं काहून केलं जी?”
जांभळं? मी तर हिरवट राखाडी घोटलाय.
“जांभळंच हाय. आमच्या तलावात म्हशी बसतात बाई, कोनी लुगडी रंगवत नाही.”
ह्यांना दाखवलं. म्हणाले, “छान आहे.” बिघडलं की हे छानच म्हणतात, म्हणजे जांभळंच असणार.

१९ फेब्रु.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी नुसतं वय समजत होते. डॉ. म्हणाले, “तुम्ही जग कोऱ्या चहातून बघताय.” सगळ्यावर चढलेला पिवळेपणा मला कळत नाही, निळा फिका वाटतो, म्हणून हात आपोआप निळा जास्त घालतो. कधीपासून? “सांगता येत नाही. चार वर्षं, सहा वर्षं.” आधी उजवा डोळा, ४ मार्चला.
घरी येऊन बैठकीतल्या माझ्या संत्र्यांच्या चित्रांसमोर बसले. लोक म्हणायचे, सावल्या किती निळ्या, काय नजर आहे! मी लाजून चहा आणायला उठायची. नजर कसली...
शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस टेबलावर तांब्या आणि चार संत्री मांडायच्या. “जे माहीत आहे ते नको, जे दिसतं ते काढ.” तास संपला की फोडी वाटायच्या. बोटांना दिवसभर वास. जन्मभर त्यांचंच ऐकलं. आता दिसतं तेच...

२२ फेब्रु.
हे म्हणाले, “ऑपरेशननंतर छाप की. तलाव कुठे पळून चाललाय?”
तलाव नाही, कागद. इथल्या मार्च-एप्रिलात कागद आक्रसतो, शेवटचा रंग जागेवर बसत नाही, काठ आणि पाणी यांच्यामध्ये पांढरी फट पडते. मागच्या उन्हाळ्यातलं पेंचच्या जंगलाचं चित्र तसंच वाया गेलं.
“मग ऑपरेशन पुढे ढकलू या?” ह्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं. ढकलायचं नाही, मीच म्हणाले.

२६ फेब्रु.
कोरलं. लिनो उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो, तरी चित्रातल्या बाभळीच्या फांदीवर कोरणी दोनदा घसरली. दुपारी यमुनेला शेजारी बसवून शाई घोटली.
“पिवळं टाका थोडं. अजून. अजून टाका नं, भेता काहून? हां, आता शेवाळ दिसते.”
मला शेणकाला दिसत होता. तसं म्हटलं.
“तुमाले तसंच दिसन. माह्यावर सोडा.”
सहा कागद तिच्या रंगात. पळीच्या पाठीने घासून घासून उठवले. सातवा घेतलाच नाही. छाप माझे की तिचे, हे मनात आलं. तीच हसून म्हणाली, “माहं नाव नका टाकू जी. नवरा म्हणन, धुनंभांडी सोडून ही कोनत्या धंद्याले लागली.”

३ मार्च
उरलेले सहा कागद ओलसर फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. डोळा गेला तर काय काय बघून ठेवायचं, ते आज उगाच बघत हिंडले. ह्यांचे कान. दारचा कडुलिंब. स्टोची ज्योत, ती निळी दिसते, पण ती आहे किती निळी कोण जाणे. शाळेतली प्रार्थना म्हटली. मग रामरक्षाही म्हटली. दोन्हीकडे कळवलेलं बरं.

२० एप्रिल
ऑपरेशन झालं, आज चष्मा आला. भिंग बाटलीच्या बुडाएवढं जाड. ह्यांनी डाव्या काचेवर कागद चिकटवून दिला, नाहीतर एकाचे दोन दिसतात.
उजव्याने यमुनेचे सहा छाप बघितले. तलाव! म्हशींचा वास यावा असा. शेवाळ, गढूळ ऊन, सगळं. रडू आलं, आणि रडायला मनाई आहे.
मग चष्मा काढून डाव्याने. पुन्हा शेणकाला.
काचेच्या तुकड्यावर शाई घेऊन डाव्या डोळ्याने घोटत बसले. बराच वेळ. झाला तो रंग. संध्याकाळी पाचचं पाणी, मी इतकी वर्षं काठावर बसून पाहिलं ते. चष्मा लावला. जांभळं.
यमुनेने डोकावून कपाळावर हात मारला. “झालं! परत लुगडी रंगवाले बसल्या.”
मग माझा चेहरा बघून खाली बसली. “बाई, यातलं खरं कोनतं?”
डाव्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. त्यानंतर हे पाचचं पाणी कुणालाच दिसायचं नाही, मलाही नाही.
पेटीतले कागद थोडे आक्रसलेत. ओल दिली तर बसतील कदाचित.
रोलरला तीच शाई लावून ठेवलीय. वाळायला फार वेळ लागत नाही ह्या दिवसांत. चष्मा पुन्हा काढलाय, अजून हातातच आहे.