डॅनीला भाऊ नाही

१२ नोव्हेंबर
माझ्या जुन्या बँडचा, डेकचेअर्सचा, दुसरा अल्बम आला, इतक्या वर्षांनी. ऐकायचा नाही असं ठरवलं होतं. ऑफिसला जाताना गाडीत लावलाच.
पहिल्या अल्बमवर गिटार माझी आहे. मँचेस्टरला शिकत होते तेव्हा आम्ही चौघं, गाणाऱ्या डॅनीच्या आईच्या गॅरेजमध्ये. सगळी उड्या मारायची गाणी. माझा व्हिसा संपला, मी घरी पेणला परत आले, त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला. ते मी केव्हाच गिळलं.
आता सगळ्या परीक्षणांत एकच शब्द: मॅच्युअर. पोरं मोठी झाली म्हणे.
चौथं गाणं. भाऊ समुद्रात पोहायला जातो. बूट वाळूवर. बुटात घड्याळ, वाळू जाऊ नये म्हणून वर रुमाल. भाऊ परत येत नाही.
गाडी पार्किंगमध्ये लावून तशीच बसून राहिले.
तो मंदार आहे. माझा भाऊ. इथेच आखातात, खोर फक्कानच्या पोर्टवर नोकरीला होता, ड्यूटी संपवून पोहायला गेला तो गेलाच. रुमालाची गोष्ट आम्हा घरच्यांना माहीत, आणि ज्याने बूट पेणला आणून दिले त्या मित्राला. आणि डॅनीला, कारण टूरच्या व्हॅनमध्ये एका दुपारी मीच सांगितली होती.
गाण्यात 'माय ब्रदर' आहे. डॅनीला भाऊ नाही. एक बहीण आहे, दातांच्या दवाखान्यात कामाला.

१४ नोव्हें.
डॅ.ची मुलाखत पाहिली. बाईने हळू आवाजात विचारलं, भावाबद्दल बोलणं जड जात असेल ना? त्याने मान खाली घातली. म्हणाला, अजून शब्द सापडत नाहीत.
माझे सापडले की.
समीरला दाखवलं. तो म्हणे वकिलाला विचारू, नाहीतर सरळ मेल कर. नवरा म्हणून बरोबर बोलला. पण मला माफीबिफी नकोय. मला त्याचं वाईट व्हायला हवंय. इथे तरी खोटं कशाला लिहू.
आईला काही सांगितलं नाही. आमच्यात मंदारचं नाव निघत नाही. निघालं की ती उठून आत जाते.

२० नोव्हें.
आज जे झालं त्यावर विश्वास बसत नाही.
फरीदाआपांनी नवीन फाइल दिली. आमची इव्हेंट कंपनी त्यांची, त्या मूळच्या श्रीवर्धनच्या, माझ्याशी मराठीत बोलतात. "केतकी, जानेवारीत ब्रिटिश बँड आहे, बीचवर. परमिट तू बघ." कलाकारांचे पासपोर्ट, गाण्यांची लिस्ट, प्रत्येक गाण्याचे शब्द आणि सारांश, सगळं मी तयार करून सरकारी परमिट ऑफिसला पाठवायचं. लिस्टमध्ये नाही ते गाणं स्टेजवर नाही.
उघडली. डेकचेअर्स.
डॅ.चा पासपोर्ट फोटो. केस विरळ झालेत. माझा व्हिसा संपत होता तेव्हा खांदे उडवून म्हणाला होता, रूल्स आर रूल्स, केट.
आपांना म्हटलं, बघते.

२७ नोव्हें.
काहीच केलं नाही. फाइल सगळ्यांत खाली. त्यांच्या मॅनेजरचे मेल येतायत, एनी अपडेट? मी लिहिते, उद्या, इन्शाल्ला. फार वर्षांनी मजा येतेय.

१ डिसेंबर
डॅ.चा स्वतःचा मेल. मॅनेजरला गेलेल्या मेलखाली माझं नाव बघून हरखला म्हणे. स्मॉल वर्ल्ड. गेस्ट लिस्टवर दोन नावं घालतो. चौथ्या गाण्याबद्दल अवाक्षर नाही.
उत्तर दिलं, मॅनेजरला सीसी करून, अगदी ऑफिशियल: चौथ्या गाण्याच्या सारांशासाठी खुलासा हवा. यातला भाऊ कोणाचा?

३ डिसें.
मॅनेजरचं उत्तर: पर्सनल. तासाभराने डॅ.चं उत्तर: कॉम्पोझिट, म्हणजे अनेकांचा मिळून एक.
दोघांना लिहिलं, कृपया एक काय ते ठरवा.

५ डिसें.
डॅ.चा फोन. मीटिंग रूममध्ये जाऊन घेतला.
आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "केट, मी तुला विचारायला हवं होतं." मग म्हणाला की गाणं लिहिताना तो स्वतः फार वाईट काळातून जात होता. आता लोक त्याला पत्रं लिहितात, आपापल्या भावांबद्दल. मला समजावत होता, दुःख म्हणजे काय ते.
मी म्हटलं, "सूर घेतलास तर घे. भाऊ परत दे."
स्टेजवर नाव घे म्हटलं. मंदार. आणि तुला भाऊ नाही, हेही सांग. म्हणाला, त्या मुलाखतींनंतर आता हे बोललो तर मी संपलो.
मग गाणं काढ.
तर म्हणाला, ते गाणं म्हणजेच तर हा अल्बम आहे.

९ डिसें.
फाइल पाठवली. चौथ्या गाण्याशिवाय.
आपांनी प्रिंट चाळली. चार नंबर कुठे गेला? म्हटलं, त्यांनीच काढलं. आपांनी चष्म्यावरून पाहिलं आणि फाइल मिटली.
परमिट येईल, डॅ.ला लिस्ट दिसेल. तिकिटं विकली गेलेली असतील. लोक त्या गाण्यासाठी ओरडतील आणि त्याला गाता येणार नाही.
मस्त झोप लागली.

१६ डिसें.
माझ्या लेकीने, ईराने घरी ते गाणं लावलं. कुठून सापडलं कोण जाणे, 'मम्माज बँड' म्हणून शोधलं असणार. मी दारातून आत येत होते. आई मटार सोलत होती. विचारलं, काय म्हणतोय गं हा?
ईरा म्हणाली, "आजी, त्याचा ब्रदर स्विमिंगला जातो. वॉच शूमध्ये ठेवतो."
आईचे हात थांबले.
"रुमाल पण आहे का?"
"हाउ डू यू नो?"
मी गाणं बंद केलं. आई माझ्याकडे बघत होती. मग सगळं सांगावं लागलं. मी काय सांगितलं होतं, त्याने काय केलं, जानेवारीत तो इथे बीचवर गाणार आहे ते. आता उठून आत जाईल असं वाटलं. गेली नाही. म्हणाली, "परत लाव."

२२ डिसें.
आई रोज ऐकते. ईराने तिच्या फोनवर टाकून दिलंय. कुकर लावते, गाणं लावते. इंग्रजी शब्द कळत नाहीत, पण रुमालाची ओळ कुठे येते ते पाठ झालंय. तिथे हात थांबतो.
समीरशी ती मंदारबद्दल बोलली. शाळेतल्या खोड्या वगैरे. हे मला समीरने सांगितलं. माझ्याशी का नाही?
आज म्हणाली, मला त्या कार्यक्रमाला यायचंय.
मी चिडले. तो चोर आहे, आई.
"चोर आहेच," म्हणाली. "पण वस्तू आपली आहे ना? मग मी ऐकणार."
ते गाणं तिथे होणारच नाही, हे सांगण्याची हिंमत झाली नाही.

५ जानेवारी
फ.आपांना खरं सांगितलं. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सुधारित लिस्ट शोच्या दिवशी दुपारपर्यंत देता येते, मी परमिट ऑफिसात बोलून ठेवते. पाठवायची की नाही ते तुझं तू बघ. "पण माझ्या टेबलावर परत खोटं बोलायचं नाही. खलास."

९ जाने.
डॅ. आला. परमिटची लिस्ट त्याने पाहिली होती. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये भेटायला बोलावलं, विनवणी करायला. मी आईला घेऊन गेले. मुद्दाम. त्याला तिच्यासमोर बसवायचं होतं.
ही मंदारची आई, एवढंच म्हटलं. तो उभाच राहिला. तोंडाचा रंग गेला. हेच बघायचं होतं मला, आणि पोटभर बघितलं.
आई म्हणाली, विचार त्याला, भाऊ आहे का.
विचारलं.
"नो," म्हणाला. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून.
आता ती बोलेल, मी भाषांतर करीन, एकेक शब्द. तयारच होते. आई बराच वेळ साखरेची पुडी हातात फिरवत होती. मग म्हणाली, "गाण्यात पाणी थंड आहे असं ईरा सांगत होती. तिथलं पाणी थंड नसतं. उन्हाळ्यात कढत असतं, न्हाणीतल्यासारखं. त्याला म्हणावं, तेवढं बदल."
सांगितलं. डॅ. रडला. मला ते आवडलं नाही. रडण्याचा हक्कसुद्धा त्याने घेतला असं वाटलं.
आईने त्याच्यापुढे पेपर नॅपकिन सरकवला.

१० जाने.
आज शो. सकाळी डॅ.ने गाण्याचे नवे शब्द पाठवले. थंडच्या जागी गरम. मंदारचं नाव कुठेही नाही. खाली एक ओळ, स्टेजवर प्रयत्न करीन, प्रॉमिस नाही करत.
सुधारित लिस्ट भरून ठेवलीय. बारा वाजेपर्यंत पाठवायची. पाठवली तर तो गाणार, लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवणार, त्याच्या भावासाठी. नाही पाठवली तर आई तिथे वाळूवर बसून शेवटपर्यंत वाट बघणार.
आईने इस्त्रीची साडी काढून ठेवलीय. ईराला बजावतेय, त्या वेळी मध्ये बोलायचं नाही. आत्ता विचारून गेली, बीचवर वारं असेल, शाल घेऊ का?
म्हटलं, घे.
साडेअकरा वाजलेत. अजून पाठवलेली नाही.