बाबांचं रिव्हॉल्व्हर रविवारी तुझ्याकडे येण्यापूर्वी

सॉमरसेट काउंटी, पेनसिल्व्हेनिया
२६ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय मर्लदादा,

नमस्कार समोर येऊन केला असता, पण वाणसामानाच्या दुकानात मला पाहिलंस की तू कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत वळतोस (तुमच्याकडे कुत्रा नाही), म्हणून तो पोस्टाने पाठवत आहे. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी दर रविवारी चर्चबाहेर लोरेनवहिनींकडे करतो. गुडघा सुधारतोय असं कळलं. रागाबद्दल विचारलं की वहिनी हवामानावर बोलू लागतात. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या भावजयीने, नेड्राने, चाळीस बाटल्या बीट खारवलंय, म्हणजे हिवाळ्याची चिंता आमच्यापेक्षा पाहुण्यांना जास्त.

पत्रास कारण की रविवारी एक नोव्हेंबर. बाबांच्या शब्दाप्रमाणे त्यांचं रिव्हॉल्व्हर सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. आणि देताना ते साफसूफ करून, सोबत स्वतःच्या हाताने भरलेली पन्नास काडतुसं द्यायची. आपण दोघं ती एका बाकावर बसून भरत आलो. मे महिन्यात तू एकट्याने भरलीस, आता मी एकटाच बसलोय. तुझी उणीव भासते असं मुळीच नाही, फक्त काही किरकोळ तांत्रिक शंका आहेत.

पहिली शंका पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्याची. वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणायला साच्यात दाबली, ती आत गेली आणि तिथेच राहायला लागली. मी यंत्राचा दांडा ओढला, मग पाय टेकून ओढला, तेव्हा पुंगळीची कड तुटून हातात आली आणि उरलेली पुंगळी साच्यात. पुस्तकात लिहिलंय की असल्या जुन्या पोलादी साच्यात घालण्याआधी पुंगळीला वंगण चोळावं. हे काम आपल्याकडे कोण करायचं ते मला आठवत नाही. (वंगणाच्या डबीवर तुझं नाव आहे, पण ते निराळं.) साचा मोकळा करण्यात मंगळवार गेला, बुधवारही त्याच्याच मागे गेला.

मग टिकल्या. पुंगळीच्या बुडात बसवायच्या त्या ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या मी बसवल्या, पण त्या किंचित वर राहिल्या, त्यामुळे रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं चक्र फिरेना. बारा पुंगळ्या झाल्यावर एक टिकली उलटी बसलेली सापडली. मी दोष हवेला दिला. नंतर कळलं की गोळीभोवती पुंगळीचं तोंड आवळायचं राहिलंय. एक बार उडवला की धक्क्याने बाकीच्या गोळ्या हळूहळू पुढे सरकणार आणि चक्र पुन्हा अडणार. हे तोंड आवळण्याचं कामही, पुस्तक सांगतं, "सवयीच्या हाताने" करावं. पुस्तक लिहिणाऱ्याने तुझी ओळख करून घेतलेली दिसते.

शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन मी उरलेल्या मालाची चाचणी घेतली. तीन बार व्यवस्थित उडाले. चौथ्याला "फुस्स" झालं. धक्का नाही, आवाज नाही. म्हाताऱ्याने खुर्चीत बसताना काढावा तेवढाच सुस्कारा. पुंगळीत बंदुकीची दारूच पडली नव्हती, आणि नुसत्या टिकलीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकली. चाप पुन्हा ओढला नाही, तेवढी अक्कल बाबांनी देऊन ठेवली आहे. ओढला असता तर नळी फुटून हे पत्र नेड्राने लिहिलं असतं.

आता, गेल्या ऑक्टोबरात सामन्यापुरतं हे रिव्हॉल्व्हर तुझ्या हातात असताना हेच झालं होतं, हे तू विसरला नसशील. दारू मोजून घालणं माझं काम होतं हे खरं, पण तू शेजारी बसून त्या हरणाची गोष्ट सांगत होतास (अकराव्यांदा), त्यामुळे माझं लक्ष उडालं, असं मी तेव्हा सगळ्या क्लबसमोर म्हणालो. न्हाव्याकडेही म्हणालो. अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या मासळीच्या जेवणात दोन टेबलांवर म्हणालो.

शनिवारी घरी येऊन नेड्राला सगळं सांगितलं. ती बीटच्या बाटल्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "काय रे गेलन, या वेळी कोण बडबडत होतं?"

मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथे कोणीच बडबडत नव्हतं. तेच मला सहन होईना.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
गेलन

ता. क. चांगली काडतुसं अकरा झाली आहेत. रविवारपर्यंत पन्नास होणं एकट्याच्याने शक्य नाही.

ता. क. २. गोळी अजून बाबांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीतच आहे. ती ठोकून काढायचा पितळी गज तुझ्याकडे आहे. रविवारची वाट न बघता गुरुवारी आलास तर बरं. तुझं स्टूल मी हलवलेलं नाही, त्यावर फक्त बीट ठेवलंय.

ता. क. ३. गोळी बसवण्याआधी तू प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून दारू आहे का बघायचास. गेल्या वर्षी टॉर्च लागला नाही, बॅटऱ्या कुठे गेल्या म्हणून तू विचारलंस, आणि मी म्हणालो, वरचा दिवा पुरे, चल. बॅटऱ्या मीच मॅच ऐकायला रेडिओत घातल्या होत्या. हे मला वर्षभर माहीत आहे. माझं चुकलं, दादा. न्हाव्याला उद्या सांगतो.

ता. क. ४. नव्या बॅटऱ्या आणल्या आहेत. टॉर्च तुझ्याकडेच आहे.