मिर्झासाहेबांचा हात

सेलू, मंगळवार

प्रिय शिवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटावर टाकशील, अशी भीती वाटतेय. तसं करू नकोस बाबा. फोनवर तू 'बरं हाय अक्का, ठेवतो' एवढंच म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. आमच्या त्रिवेणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं तू माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. परभणीहून सेलू म्हणजे गाडीने धड तासाचीही वाट नाही. तू का येत नाहीस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण आधी एक गंमत ऐक.

तुझी अक्का चौसष्टाव्या वर्षी पत्त्यांत फसवायला शिकतेय! तुझ्या राजीने हैदराबादेत तीन मित्रांसोबत मोबाइलवरचा जो खेळ तयार केलाय ना, तो तिने मला पाठवला. 'आत्या, खेळून बघ अन् कुठं अडायलंय ते सांग,' म्हणाली. तुला दाखवला नाही म्हणे, कारण पत्त्यांचं नाव काढलं की तू उठून जातोस. खेळ निजामाच्या काळातला. नवाबाच्या वाड्यात गंजिफा रंगलाय, म्हणजे ते जुने गोल पत्ते. आपण व्हायचं गुलाबबी, पानदान घेऊन फिरणारी बाई. वाकून विडा द्यायचा, तेवढ्यात समोरच्याची पानं बघायची आणि आपल्या मालकाला विड्यातूनच खूण पोचवायची. लवंग टोचली तर समोरचा भारी, नुसताच दुमडला तर हलका. जास्त रेंगाळलं की पडद्यावर शंकेची लाल रेघ चढत जाते. ती माथ्याला टेकली की कोतवाल हजर.

पहिले तीन दिवस मी कोतवालाच्याच ताब्यात होते. का, तर विडा दिला की समोरचा तो तोंडात टाकेपर्यंत मी तिथंच उभी! आईने आपल्याला तसंच शिकवलं होतं ना, पाहुण्याने विडा खाल्ल्याशिवाय समोरून हलायचं नाही म्हणून. राजीला सांगितलं तर पोट धरून हसली. 'अगं आत्या, तू तिथं चोरी करायलीस, पाहुणचार न्हाई!' तुझे दाजी पेंडीच्या दुकानातून जेवायला आले की आधी 'म्हातारपणी हे काय धंदे' म्हणतात आणि मग ताट निवेपर्यंत माझ्या खांद्यावरून बघत 'लवंग टोच, लवंग टोच' करतात. खरं सांगू, मला लय गोडी लागलीय. माणूस कुठं बघतो, कधी गप्प होतो, कशाने चिडतो, हे सगळं त्या पोरांनी इतकं बारीक टिपलंय की मी राजीला रोज नवं काहीतरी विचारते. नुसतं बघितलं तर ती चोरी धरायची का, हेही विचारलं. ती म्हणाली, 'ते तूच ठरव.'

मग आले मिर्झासाहेब. चार मैफली मारल्या की पाचवीला हे बसतात. पत्ते छातीशी धरलेले, विडा घेत नाहीत, शरबत घेत नाहीत. आठ दिवस मी तिथंच अडले. तबक पाडून बघितलं, दिवा विझवून बघितला, मागच्या झरोक्यापाशी जाऊन बघितलं, आणि दर वेळी कोतवाल आलाच. शेवटी एका दुपारी कंटाळून काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. तर एका रंगाचं पान खाली पडलं आणि मिर्झासाहेबांची दोन बोटं गळ्यातल्या ताविजाला जरा लागून परत आली. तीन डाव बघितले. त्या रंगाचं मोठं पान त्यांच्या हातात असलं की तसंच व्हायचं, नसलं की नाही. लाल रेघ तसूभरही हलली नाही. शिवा, तो हात तुझा आहे रे.

तुला हे माहीतच नाही, म्हणून सांगते. बोरीला आपण दश्श्या ओढायचा मेंढीकोट खेळायचो तेव्हा तू आठ वर्षांचा असशील. ज्या रंगाची दश्शी तुझ्याकडे असायची, त्या रंगाचं पान खाली पडलं की ती जाते की राहते या काळजीने तुझी बोटं गळ्यातल्या इष्टलिंगाकडे जायची. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी कधी बोलले नाही, कारण तू माझा भिडू होतास आणि आपण जिंकत होतो. समोरच्याने उतारी केली, तुझा हात गळ्याकडे गेला, की मी एक्का टाकून हात आपल्याकडे धरून ठेवायची आणि तू खुशाल दश्शी सोडायचास. अक्काला पत्त्यातलं लय कळतं, असं तू गावभर सांगत फिरायचास.

मी राजीला फोन लावला. ती म्हणाली, 'हो, बाबांचाच हाय. पण आता ते चारचौघांत गळ्याला हात लावत न्हाईत, हात मांडीखाली दाबून बसतात. का, ते सांगत न्हाईत. मला त्यांचा तो हात लय आवडायचा, म्हणून खेळात ठेवून दिला.' तिला पुढे बोलायचं होतं, पण माझ्याने ऐकवेना. गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात बसलेला तो डाव तू विसरला नसशील. तू आणि मी, समोर तुझे दाजी आणि नागनाथ भावजी. चारही दश्श्या आपण ओढल्या. कोट! आणि तुझे दाजी नव्या व्याह्यांसमोर तुला म्हणाले, 'लिंगाला हात लावून खुणा करतोस? लाज न्हाई वाटत?' रोज लिंगपूजेशिवाय तोंडात पाणी न घेणारा तू. तू रागावलासुद्धा नाहीस. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालास, 'अक्का, तू सांग.' मी खाली मान घालून पत्ते गोळा करत राहिले. तू पिशवी उचललीस आणि न जेवता गेलास.

काल दुपारी नागनाथ भावजींना बोलावून घेतलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. खूण कुणी केलीच नव्हती, शिवाला त्याच्या हाताचा पत्ताही नव्हता, बघत होते ती मी. तुझे दाजी म्हणाले, 'मग त्या दिवशी गप का बसलीस?' मी म्हटलं, तुम्हाला घाबरले. ते खोटं होतं. तुला खरं सांगायचं म्हणून हे पत्र लिहिलंय. मी घाबरले नव्हते. छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदा कशात तरी हरवलं होतं, मांडवभर टाळ्या पडल्या होत्या, आणि तोंड उघडलं असतं तर तो डाव माझा राहिला नसता. त्या एका डावापायी मी तुला जाऊ दिलं. रविवारी ते माफी मागायला परभणीला येतायत. त्यांना माफ कर, ते जे डोळ्यांनी दिसलं ते बोलले. माझं मात्र सावकाश ठरव. मीही येतेय, पण वर येणार नाही. जिन्याखाली उभी राहीन. तू हाक मारलीस तर येईन.

तुझीच,
अक्का